रिपोर्ट ठीक आहेत, मग बिघडलंय काय? तीव्र स्थूलता आणि रोजचं जगणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादा ३८ वर्षांचे, उंची १७० सेंमी, वजन १३८ किलो. साखर थोडी काठावर, बाकी रक्ताचे रिपोर्ट जवळपास ठीक. ते म्हणतात, ‘मला काही त्रास नाही, उगाच मागे लागू नका.’ डॉक्टर म्हणतात, ‘या वजनाने जगण्याचा दर्जा खालावतो.’ तुम्हाला कळत नाहीये की रिपोर्टमध्ये काहीच दिसत नसेल तर हा दर्जा नेमका कुठे खालावतो, आणि घरच्यांनी बोलावं की गप्प बसावं.

माझी बरीच वर्षं स्थूलतेच्या रुग्णांवर उपचार करण्यात गेली आहेत आणि हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. बहुतेकदा तो बहीण, बायको किंवा मुलगा विचारतो. ज्याचं वजन आहे तो माणूस क्वचितच विचारतो. त्याला कारण आहे, तिथे येतोच.

दादांचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४८ च्या आसपास येतो. ४० च्या वर तो तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे तीव्र स्थूलतेत मोडतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी या सीमा आणखी खाली धराव्यात असं बरेच तज्ज्ञ मानतात. पण हा आकडा ठरवणारं सूत्र एकोणिसाव्या शतकात अडोल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. त्याला मोठ्या लोकसमूहाचं सरासरी माप हवं होतं, एखाद्या रुग्णाची विचारपूस करायची नव्हती. माझ्याकडे ४८ बीएमआयचे दोघं एकाच दिवशी येतात, एक जण जिना चढून येतो आणि दुसऱ्याला अंघोळीनंतर दहा मिनिटं टेकावं लागतं. दोघांचा आकडा एक, जगणं अगदी वेगळं.

म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेह व अंतःस्रावशास्त्राच्या नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने स्थूलतेची व्याख्या नव्याने मांडली. त्यांच्या मते स्थूलता हा ‘आजार’ दोन प्रकारे ठरतो. एक, जास्तीच्या चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम बिघडलं असेल तर. आणि दोन, चालणं-फिरणं, अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, लघवी-शौचावर ताबा अशा रोजच्या गोष्टींवर वयाच्या मानाने लक्षणीय मर्यादा आली असेल तर. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दुसऱ्या मुद्द्यात आहे. कोलेस्टेरॉल आणि लिव्हरचे आकडे नीट असले तरी माणसाला स्वतःच्या पायात मोजे घालता येत नसतील, तर सगळं ठीक आहे असं मी म्हणत नाही.

आता दादांच्या ‘मला काही त्रास नाही’ या वाक्याकडे वळू. ते खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. वजन एका रात्रीत चढत नाही. दर वर्षी थोडं चढतं, आणि माणूस दर वर्षी एखादी गोष्ट सोडतो. आधी जिना सुटतो. मग लेसचे बूट जातात, पायात सरकवायचे येतात. मग हात असलेल्या खुर्च्या टाळल्या जातात, मग जिथे कसली खुर्ची असेल याची खात्री नाही असे समारंभ. मुलांबरोबर जमिनीवर बसणं जातं, कारण उठताना सगळ्यांसमोर कुणाचा तरी हात धरावा लागतो. प्रत्येक वेळी एक पटणारं कारण असतं: वेळ नाही, हल्ली आवडत नाही, गर्दी नको वाटते. त्रास देणारी प्रत्येक गोष्टच आयुष्यातून वजा केली की त्रास उरत नाही हे खरंच, पण आयुष्यही बरंच कमी उरतं.

त्यामुळे ‘त्रास होतो का?’ हा प्रश्न मी विचारतच नाही, त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ येतं. मी विचारतो, ‘पाच वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काय काय आहे?’ आणि त्यानंतर, ‘पायाची नखं कोण कापतं?’ एक गृहस्थ चाळिशीच्या आतले, बोलायला एकदम खुसखुशीत, बायकोच्या आग्रहामुळे आलेले. सगळ्या प्रश्नांना ‘मस्त’ हे एकच उत्तर. नखांचं विचारल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘दोन वर्षं झाली, मीच कापते.’ पुढची पंधरा मिनिटं मग तेच बोलले: पोट आड येतं म्हणून वाकता येत नाही, वाकलं तर दम कोंडतो, शौचानंतर नीट स्वच्छता होत नाही म्हणून बाहेर कुठे मुक्कामाला जाणंच बंद केलंय. हे शेवटचं वाक्य माझ्याकडे फार लोक बोलतात, पण विचारल्याशिवाय एकही जण आपणहून बोलत नाही.

शरीराच्या त्रासांची यादी मोठी आहे, मी सगळी देत बसत नाही. गुडघ्याचं मात्र सांगतो, कारण तिथे हिशेब सरळ आहे. गुडघ्याचा संधिवात असलेल्या वजनदार ज्येष्ठांवर २००५ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. दिवसाची हजारो पावलं धरा, म्हणजे वजनात झालेला थोडासा फरकही पायाला इतका का जाणवतो ते कळेल. पोटाच्या वळीखाली, जांघेत, छातीखाली घाम साचून कातडी सोलवटते, बुरशी होते, वास येतो. हा त्रास जिवावरचा नाही म्हणून डॉक्टर त्याकडे फारसं बघत नाहीत, पण चारचौघांत बसताना माणसाच्या डोक्यात दुसरं काहीच नसतं. बायकांमध्ये खोकताना-शिंकताना लघवी गळणं खूप दिसतं आणि लाजेपोटी ते वर्षानुवर्षं लपवलं जातं. पायांना सूज, पोटऱ्यांची कातडी काळी पडणं, हेही आहेच.

पण दादांच्या बाबतीत मला सगळ्यात आधी विचारायचंय ते झोपेबद्दल. ते घोरतात का? घोरता घोरता मध्येच शांत होऊन मग एकदम धापेसारखा श्वास घेतात का? दुपारी बसल्या बसल्या डुलकी लागते का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना स्वतःला माहीत असणं शक्य नाही. ती तुम्हीच देऊ शकता.

या वजनाला झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, फार मोठ्या प्रमाणात सापडतो. गळ्याभोवती आणि जिभेत चरबी साठलेली असते. झोपेत स्नायू सैल पडले की मऊ रबरी नळी बाहेरून दाबावी तशी श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, वाट उघडते, पुन्हा मिटते. हे तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा घडत असेल तर आजार तीव्र समजतात. माणसाला यातलं काही आठवत नाही. आठ तास झोपलो असंच त्याला वाटतं. दिवसा मात्र तो चिडचिडा, विसरभोळा, मरगळलेला असतो, कामेच्छा गेलेली असते, आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय.’ मी ज्यांना घरात आळशी म्हटलं जात होतं अशा कितीतरी लोकांची स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास आणि प्राणवायू नोंदवणारी तपासणी, करून घेतली आहे. मुखवट्यातून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन ज्यांनी नेटाने वापरलं, त्यातल्या अनेकांना काही आठवड्यांतच वेगळं वाटू लागलं, वजनकाटा जागचा हललेला नसतानाही. मशीनची सवय व्हायला वेळ लागतो, काहींना ती होतच नाही, हेही सांगायला हवं.

वजन आणि या आजाराचं नातं किती घट्ट आहे ते २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात दिसलं: वजन १० टक्के वाढलं तर श्वास अडकण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्के वाढतं, १० टक्के घटलं तर सुमारे २६ टक्के घटतं.

आता मनाचं. इथे माझे अनेक सहकारी घाई करतात, ‘लठ्ठ आहे म्हणजे उदास असणारच’ असं धरून चालतात. प्रश्नावल्यांमधून चित्र जरा वेगळं येतं. जगण्याचा दर्जा मोजायला एसएफ-३६ नावाची सर्वसाधारण प्रश्नावली वापरतात, आणि खास वजनासाठी ३१ प्रश्नांची एक वेगळी आहे. तिचे पाच भाग आहेत: शारीरिक हालचाल, स्वतःबद्दलचं मत, लैंगिक आयुष्य, चारचौघांत होणारी कुचंबणा आणि काम. वजन वाढत जातं तसे या प्रश्नावल्यांतले शारीरिक बाजूचे गुण (मार्क) बऱ्यापैकी सातत्याने घसरतात. मानसिक गुणांचं तसं सरळ गणित नाही. काही जण ४८ बीएमआयला खरोखर समाधानी असतात, काही ३३ लाच पार खचलेले. बायकांवर दिसण्याच्या टोमण्यांचा मारा जास्त, त्यामुळे तेवढ्याच वजनाला त्यांचे गुण बहुतेकदा कमी येतात. उपचाराला येणाऱ्यांचे गुण घरी बसणाऱ्यांपेक्षा खाली असतात. त्यामुळे माझ्यासारख्या डॉक्टरला दिसणारं चित्र थोडं जास्त काळं असतं, हे लक्षात घेऊनच माझं म्हणणं वाचा.

नैराश्याचा धागा मात्र दोन्ही बाजूंनी ओढला जातो. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्के जास्त आढळली, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे स्थूलता येण्याची ५८ टक्के जास्त. म्हणून नुसतं वजन बघून मनाचं विसरणं जसं चुकीचं, तसंच ‘आधी मन खंबीर कर’ म्हणून वजन पुढे ढकलणंही. शिवाय मनाच्या आजारांवरची काही औषधं स्वतःच वजन वाढवतात, तसंच स्टिरॉइड आणि इन्सुलिनचंही आहे. दादा कुठलीही गोळी घेत असतील तर तिचं नाव डॉक्टरांना आधी सांगा. एकट्याने, लपून, थोड्या वेळात प्रचंड खाणं आणि मग स्वतःचीच शिसारी येणं असं काही होत असेल तर तो खाण्याचा वेगळा विकार आहे, त्याला वेगळे उपचार लागतात.

माणूस दवाखाना टाळतो त्यात आमचाही वाटा आहे. रक्तदाब मोजायचा पट्टा जाड दंडाला अपुरा पडतो, चिकटपट्टी तटतट सुटते, नर्स ‘पुन्हा लावू’ म्हणते आणि मागे रांगेतले लोक बघत असतात. लहान पट्ट्याने रक्तदाब खोटा जास्त येतो, म्हणजे अपमान झाला तो झालाच, वर आकडाही चुकीचा. वजनकाटा अमुक किलोच्या पुढे दाखवत नाही. तपासणीचं टेबल अरुंद असतं. घसा दुखतो म्हणून गेलं तरी सल्ला मिळतो, ‘वजन कमी करा.’ असं दोन-तीनदा झालं की माणूस छातीत दुखलं तरी जात नाही. दादांना डॉक्टरांकडे न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा की मोठा पट्टा, पुरेशा क्षमतेचा काटा आणि बिनहाताची खुर्ची आहे का. विचित्र वाटेल, पण पहिल्या भेटीत ओशाळलेला माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही.

घरात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य म्हणजे ‘मनावर घेतलं तर काय अवघड आहे?’ अवघड आहे. चरबीच्या पेशींमधून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडलं, तेव्हापासून भूक आणि साठा यांची आतली व्यवस्था हळूहळू कळत गेली. २०११ च्या एका अभ्यासात लोकांनी दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा आहार घेऊन वजन उतरवलं. वर्ष उलटून गेलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं वाढलेलीच होती आणि भूकही. शरीर गमावलेलं वजन परत मिळवायला बघतं. दादांनी आजवर तीन-चारदा वजन कमी करून परत वाढवलं असेल तर त्यात नवल नाही आणि गुन्हाही नाही.

मग काय केल्याने जगणं सुधारतं? इथे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे: वय, बाकीचे आजार, काम कसलं आहे, घरात कोण आहे, वजन उतरवण्यासाठी जठरावर करायच्या शस्त्रक्रियेची तयारी आहे का. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. ‘आदर्श वजन’ हे ध्येय ठेवू नका. १३८ वरून ७० वर यायचं असं कागदावर लिहिलं की माणूस पहिल्याच आठवड्यात मनातून हरतो, आणि त्याची गरजही नसते. २००९ च्या एका चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्या स्त्रियांमध्ये लघवी गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. टाइप २ मधुमेह असलेल्या वजनदार लोकांच्या एका मोठ्या चाचणीत चार वर्षं आहार-व्यायामावर कसून काम केलेल्यांमध्ये हालचाल गमावण्याचा धोका ४८ टक्के कमी राहिला. दादांच्या वजनाचे ८ ते १० टक्के म्हणजे ११ ते १४ किलो. आरशात फारसा फरक दिसणार नाही, पण जिन्यावर दिसेल.

अर्थात ४८ बीएमआयला नुसत्या आहार-व्यायामावर भिस्त ठेवणं मला पुरेसं वाटत नाही. आठवड्याला टोचायच्या नव्या औषधांनी चित्र बरंच बदललंय. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सगळ्यात मोठ्या मात्रेला ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलं. २०२४ मध्ये टिर्झेपेटाइडने झोपेत श्वास अडकण्याचे प्रसंग तासाला सरासरी २५ ते २९ नी कमी झाल्याचं दिसलं. अडचण ही की औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत येतो. म्हणजे हे थोडे दिवस घेऊन सोडून द्यायचं औषध नाही, रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घकाळ चालवायचं आहे. मळमळ, बद्धकोष्ठ, क्वचित गंभीर दुष्परिणामही असतात. मित्राकडून मागून आणलेलं इंजेक्शन तर अजिबात नको.

शस्त्रक्रियेबद्दल सगळ्यात लांबचा अनुभव स्वीडनमधून येतो. तिथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या जगण्याचा दर्जा पहिल्या वर्षी झपाट्याने वर गेला, पुढे थोडं वजन परतलं तसा काहीसा खाली आला, आणि मग स्थिरावला. दहा वर्षांनी तो एकूणात सुरुवातीपेक्षा चांगलाच होता, आणि साधारण १० टक्के वजन कायम कमी राहिलं तरी फायदा टिकत होता. मी हे चढ-उतार शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला सांगतो. पहिल्या वर्षीच्या आनंदात सगळं सुटलं असं वाटतं, आणि तिसऱ्या वर्षी चार किलो वाढले की सगळं गेलं असं. जीवनसत्त्वं आणि लोह आयुष्यभर घ्यावं लागतं. सुटलेली कातडी लोंबते, काहींना तिचा त्रास जुन्या वजनाइतकाच होतो. दारू लवकर चढते आणि काही जण तिच्यात अडकतात. जुनं नैराश्य आपोआप जात नाही. तरीही दादांच्या वयाला, या बीएमआयला, निदान एकदा शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाशी बोलून घ्यावं असं माझं मत आहे. बोलणं म्हणजे होकार देणं नव्हे.

यातलं काहीही सुरू होण्याआधी करता येण्याजोग्या गोष्टी असतात आणि त्यांकडे सगळे दुर्लक्ष करतात. बाथरूममध्ये भक्कम स्टूल आणि धरायला दांडी. लांब दांड्याचा शूहॉर्न. स्वच्छतेसाठी पाण्याचा हँडस्प्रे. वळ्या कोरड्या ठेवण्यासाठी मऊ सुती कापड आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. घरात एक रुंद, उंच बैठकीची, बिनहाताची खुर्ची, जिच्यातून त्यांना कुणाच्या मदतीशिवाय उठता येईल. काही जण म्हणतात, अशा सोयी केल्या तर माणूस वजन उतरवणारच नाही. माझा अनुभव उलट आहे. ज्याला अंघोळ करूनच थकवा येतो तो फिरायला कसा जाणार?

आता तुम्ही बोलावं का? बोला, पण ताटाकडे बघत नको, आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. वजन हा शब्द पहिल्या दिवशी काढूच नका. एकट्याने बसलेले असताना विचारा, ‘दादा, तुझ्या झोपेबद्दल बोलू का?’ नको म्हणाले तर त्या दिवशी सोडून द्या. हो म्हणाले तर घोरण्याचं सांगा, त्यांची हरकत नसेल तर रात्री फोनवर मिनिटभर आवाज रेकॉर्ड करून ऐकवा. स्वतःचा श्वास थांबलेला ऐकला की चर्चा लांबवावी लागत नाही. नंतर कधीतरी विचारा की त्यांना कुठली गोष्ट परत करायला आवडेल. उत्तर ‘पोहायला जायचंय’ असेल तर उपचाराचं ध्येय तेच, किलोंचा आकडा नाही. आणि सगळं तपासून, समजून घेऊनही ते म्हणाले की मला आहे तसंच राहायचंय, तर तो त्यांचा अधिकार आहे. तुम्ही दार उघडं ठेवा, रोज ठोठावू नका.

काही बाबतीत मात्र त्यांच्या मर्जीची वाट बघू नका. गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर तपासणी होईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. सकाळचं डोकं दुखणं, ओठ निळसर दिसणं, दिवसभर गुंगी हे एकत्र असेल तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो, त्याला थांबायला वेळ नसतो. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा एकाएकी दम लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि ‘माझ्या असण्याने तुम्हाला त्रासच आहे’ अशा अर्थाचं काही बोलू लागले, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच घेऊन जा.

यातलं काही नसेल तर स्लीप स्टडीपासून सुरुवात करा. तिचा रिपोर्ट आला की दादांची औषधं, मान आणि कंबर यांचा घेर, आणि ‘काय काय सुटलं’ याची त्यांनी स्वतः सांगितलेली यादी जोडून पुन्हा लिहा, म्हणजे औषध की शस्त्रक्रिया याबद्दल मला जास्त नेमकं सांगता येईल.